शेवटच्या रांगेतून वाचता यावी अशी पाटी: रंगमंचासाठी दिव्यांची पाटी घरी कशी बनवावी

रंगीत तालमीत पाटीचे दिवे पहिल्यांदा लागले तेव्हा मी मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसलो होतो. पाटीवर 'मधुबन' लिहिलं होतं. कागदावर ते 'मधुबन' होतं, कापताना टेबलावर होतं, विंगेत उभं केल्यावरही होतं. शेवटच्या रांगेतून मात्र ते 'मघुबन' वाचलं जात होतं. 'ध'च्या डोक्यावर शिरोरेषा जिथे तुटते, ती फट उजेडाने भरून टाकली होती.

नाटकातल्या लॉजची, दुकानाची किंवा स्टुडिओची उजळणारी पाटी बनवायला घेतली की बहुतेकांचं लक्ष दिव्यांकडे जातं. दिव्यांचं काम सोपं आहे, एका संध्याकाळी होतं. खरा वेळ अक्षरांना द्यावा लागतो, कारण अंधारात उजळलेलं अक्षर कागदावरच्या अक्षरापेक्षा जाड दिसतं आणि त्यातल्या फटी बारीक होतात. देवनागरीत तर घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक बराचसा अशा एका फटीवरच उभा आहे.

खाली जी पाटी सांगतो आहे ती डब्याची आहे. मागे प्लाय, चारही बाजूंनी लाकडी पट्ट्यांची चौकट, आत एलईडीच्या पट्ट्या, पुढे दुधी ऍक्रिलिक आणि त्यावर अक्षरं कापलेला काळा तक्ता. उदाहरणाला तोच 'मधुबन' शब्द घेतो, कारण त्यात सगळे पेच आहेत.

आधी कागद, मग करवत

अक्षराची उंची प्रेक्षागृहाच्या लांबीवरून ठरवा. पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना अंदाज असा की सहज वाचता यावं म्हणून दर ३ मीटर अंतराला २५ मिलिमीटर उंचीचं अक्षर हवं. शेवटची रांग १८ मीटरवर असेल तर हिशोब १५ सेंटिमीटरचा येतो. पण प्रेक्षक पाटी वाचायला आलेला नसतो. तो नटाकडे बघत असताना पाटी त्याला एका नजरेत कळली पाहिजे. म्हणून मी २० सेंटिमीटर धरतो. हे माप शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतचं. वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार वर आणि उकार खाली, यांची जागा वेगळी मोजायची. 'मधुबन'मध्ये वर काही नाही, खाली 'धु'चा उकार आहे, त्याला आणखी १० सेंटिमीटर दिले. शब्दाची रुंदी साधारण ८५ सेंटिमीटर भरली. भोवती कडा सोडून डबा झाला १०० सेंटिमीटर लांब आणि ४० उंच.

रेषेची जाडी उंचीच्या सातव्या हिश्शाच्या आसपास ठेवा, म्हणजे इथे पावणेतीन-तीन सेंटिमीटर. छापील पाटीवर ही रेषा अशक्त दिसेल, पण उजळली की भरते. जाड-बारीक वळणं असलेला सुलेखनाचा टाईप टाळा. बारीक भाग दुरून नाहीसे होतात. एकसारख्या जाडीचं, मोकळं अक्षर काढा. अक्षरांमधलं अंतरही नेहमीपेक्षा थोडं जास्त सोडा.

आता 'ध'. याचं डावं वळण शिरोरेषेच्या उंचीपर्यंत चढतं, पण तिला टेकत नाही. म्हणजे दोन फटी जपायच्या: 'म'ची शिरोरेषा संपल्यानंतरची एक, आणि वळण व उजवा दंड यांच्यामधली दुसरी. दोन्ही किमान रेषेच्या जाडीइतक्या ठेवा. मी थोड्या जास्तच ठेवतो, साडेतीन सेंटिमीटर. 'भ' असेल तर हाच नियम. 'म' आणि 'न' यांच्या गाठी भरीव काढा. त्यात छोटं भोक ठेवलं तर ते दुरून दिसत नाही, कापताना मात्र छळतं.

शब्द पूर्ण मापात काळ्या कागदावर पांढरा काढा, एखाद्या लांब व्हरांड्याच्या टोकाला लावा आणि खऱ्या अंतरावरून बघा. डोळे थोडे बारीक करून बघितलं तर उजेड पसरल्यावर काय होईल त्याचा अंदाज येतो. इथे अर्धा तास घालवला तर पुढचे दोन दिवस वाचतात.

काळा तक्ता आणि त्यातली बेटं

पुढच्या तक्त्याला ५ मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमसारखा हलका प्लास्टिकचा तक्ता) किंवा ३ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता) घ्या. सनबोर्ड धारदार कटरने कापता येतो, घरच्या कामाला तो बरा. एकाच दाबात आरपार जायचा प्रयत्न करू नका. लोखंडी पट्टी धरून हलक्या हाताने तीन-चार वेळा कटर फिरवा, पातं बोथट झालं की लगेच मोडून पुढचं घ्या. बोथट पातं घसरतं आणि बोट कापतं. वळणांना जिगसॉची बारीक दातांची करवत चांगली. थर्मोकोल घेऊ नका: तो लवकर पेट घेतो, आणि स्प्रे रंगातल्या द्रावकाने विरघळतो.

अक्षरं कापली की काही तुकडे सुटे होऊन हातात येतात. 'म'मध्ये शिरोरेषा, दोन उभे दंड आणि मधली आडवी रेषा यांच्यात एक चौकोन बंद होतो. 'ब'च्या पोटात तिरप्या रेषेमुळे दोन तुकडे सुटतात. ही तीन बेटं फेकू नका. ती थेट ऍक्रिलिकवर चिकटवायची आहेत, आणि त्यांची जागा मिलिमीटरभरही चुकता कामा नये. त्यासाठी सोपी पद्धत अशी: तक्ता ऍक्रिलिकवर ठेवा, कापून काढलेल्या अक्षरांच्या रेषा पुन्हा आपापल्या खाचेत बसवा, मग मधल्या रिकाम्या जागेत बेट आपोआप नेमकं बसतं. त्याच्या पाठीला आधीच चिकटद्रव्य लावून ठेवायचं, दाबून धरायचं, सुकलं की रेषांचे तुकडे उचलून घ्यायचे. म्हणून कापताना निघालेला एकही तुकडा शेवटपर्यंत टाकू नका.

'ध'च्या पोटातला भाग सुटा होत नाही, तो वरच्या फटीतून बाहेरच्या तक्त्याशी जोडलेला राहतो. हा जोड म्हणजे पाटीतली सगळ्यात नाजूक मान. फट रुंद ठेवली की वाचायलाही बरं आणि मानही मोडत नाही.

पांढऱ्या सनबोर्डातून उजेड आरपार जातो. मागून दिवे लागले की सगळी पाटीच कंदिलासारखी उजळते आणि अक्षरं त्यात बुडतात. म्हणून तक्त्याच्या आतल्या बाजूला आधी काळ्या रंगाचे दोन हात द्या, सुकल्यावर त्यावर पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा तो परत डब्यात फेकतो. पुढच्या बाजूला काळा मॅट रंग. चकचकीत रंग लावलात तर रंगमंचाचे स्पॉट त्यात आरशासारखे दिसतील.

दुधी ऍक्रिलिक आणि विझलेली पाटी

उजेड सारखा पसरवायला ३ मिलिमीटरचं दुधी ऍक्रिलिक लागतं. एखाद्या प्रयोगापुरतं ट्रेसिंग पेपरवरही भागतं. दोन थर लावा आणि ताणून चिकटवा, नाहीतर सुरकुत्या उजेडात दिसतात.

इथे एक गोष्ट दिग्दर्शकाला आधीच विचारून ठेवा: पाटी विझलेली असताना तिथे काय दिसायला हवं? दुधी ऍक्रिलिक पांढरं असतं. दिवे बंद असले तरी रंगमंचाचा प्रकाश त्यावर पडला की पांढरी अक्षरं स्वच्छ वाचता येतात. प्रसंग असा असेल की पाटी अचानक लागते आणि तेव्हाच लॉजचं नाव कळतं, तर सगळा परिणाम आधीच निघून गेलेला असतो. उपाय म्हणजे ऍक्रिलिकच्या पुढे, तक्त्याच्या मागे, धुरकट करडी फिल्म. समजा ती निम्मा उजेड सोडते. आतल्या दिव्यांचा उजेड तिच्यातून एकदा जातो, म्हणून निम्मा उरतो. बाहेरचा प्रकाश आत जाताना एकदा आणि परत येताना दुसऱ्यांदा गाळला जातो, त्याचा पाव हिस्साच उरतो. विझलेली पाटी काळवंडलेली दिसते, लागलेली पाटी उठून दिसते. फिल्म असेल तर बेटं ऍक्रिलिकऐवजी फिल्मवर चिकटवा आणि फिल्म ऍक्रिलिकला कडांनी पक्की करा.

लाल किंवा निळी पाटी हवी असेल तर पांढऱ्या दिव्यांपुढे रंगीत कागद लावण्यापेक्षा त्या रंगाचीच एलईडी पट्टी घ्या. लाल कागद पांढऱ्या उजेडातला बराचसा भाग खाऊन टाकतो आणि पाटी मंद पडते. जुन्या पिवळ्या बल्बचा भास हवा असेल तर २७०० ते ३००० केल्विनची वॉर्म व्हाइट पट्टी घ्या. ६५०० केल्विनची कूल व्हाइट दवाखान्याच्या किंवा कचेरीच्या पाटीला शोभते.

दिवे: शिरोरेषेपासून खाली

१२ व्होल्टची, मीटरला ६० एलईडी असलेली साधी पट्टी घ्या. मीटरला ४.८ वॅट खाणारी पुरेशी आहे; रंगमंचावर त्याहून जास्त उजेड क्वचितच लागतो. ही पट्टी तीन-तीन एलईडींच्या गटांनी बनलेली असते, त्यामुळे दर ५ सेंटिमीटरला कात्रीची खूण असते. फक्त खुणेवरच कापायचं. मध्ये कापलं तर तो गट मेला.

डब्याची आतली खोली ६ सेंटिमीटर ठेवा. ठिपके दिसू नयेत यासाठी साधा नियम: दोन दिव्यांमधलं अंतर दिव्यापासून ऍक्रिलिकपर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त नको. ओळींमध्ये ५ सेंटिमीटर आणि खोली ६, म्हणजे बसतं. खोली ३ सेंटिमीटर केलीत तर अक्षरांत पट्टे दिसू लागतील.

पहिली ओळ बरोबर शिरोरेषेच्या मागे लावा. देवनागरी वाचताना नजर आधी ती आडवी रेषा पकडते. ती अखंड आणि सारखी उजळली तर बाकी अक्षरं थोडी मंद असली तरी वाचली जातात. तिथून खाली ५-५ सेंटिमीटरवर ओळी: अक्षरांच्या अंगासाठी ८५ सेंटिमीटरच्या पाच ओळी, आणि उकारासाठी फक्त 'धु'च्या खाली २५ सेंटिमीटरच्या दोन. एकूण पावणेपाच मीटर, म्हणजे ५ मीटरचं एक रीळ पुरतं. विजेचा हिशोब: ४.७५ गुणिले ४.८ म्हणजे जवळपास २३ वॅट, १२ व्होल्टवर १.९ अँपिअर. पुरवठा नेहमी पाव हिस्सा जास्तीचा घ्यावा, म्हणून १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर. हाताशी ५ अँपिअरचा असेल तरी चालेल; पट्टी तिला लागतो तेवढाच करंट ओढते. व्होल्ट मात्र १२ हवेत.

पाठीला आतून पांढरा मॅट रंग द्या, सुकू द्या, मग पट्ट्या चिकटवा. पट्टीमागचा चिकट थर लाकडावर फार दिवस टिकत नाही, त्यामुळे दर १५-२० सेंटिमीटरला प्लास्टिकची क्लिप किंवा सिलिकॉनचा थेंब द्या. सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. 'न्यूट्रल' लिहिलेलं घ्या.

ओळी एकापुढे एक साखळीसारख्या जोडू नका. डब्याच्या एका कडेने जाड लाल आणि काळी अशा दोन वायरी उभ्या न्या आणि प्रत्येक ओळ त्यांना वेगळी जोडा: अधिक सगळे लालला, उणे सगळे काळीला. म्हणजे शेवटची ओळ पहिलीइतकीच उजळते, आणि एक जोड सुटला तर एकच ओळ जाते. जोड सोल्डरचेच करा. नुसत्या चिमट्याच्या क्लिपा टेबलावर ठीक असतात, पण पाटी प्रत्येक प्रयोगाला उचलली, गाडीत घातली, टांगली की त्या हलतात. पट्टीच्या तांब्याच्या ठिपक्यावर आधी थोडं सोल्डर घ्या, वायरच्या टोकावरही घ्या, मग दोन्ही टेकवून दोन सेकंद गरम करा. जास्त वेळ धरलं तर ठिपका उखडतो.

वीज देण्यापूर्वी मल्टिमीटरने, म्हणजे वीज मोजायच्या छोट्या यंत्राने, अधिक आणि उणे यांच्यात शॉर्ट नाही ना ते बघा. मग एकेक ओळ लावून बघा. डबा बंद करण्याआधी पाटी अर्धा तास पूर्ण उजेडात चालू ठेवा आणि जोडांना हात लावून बघा. एखादा जोड गरम लागला तर तो पुन्हा करायचा. पाठीला वर आणि खाली दोन-दोन हवेची भोकं पाडा आणि त्यांवर आतून काळ्या कापडाचा सैल पडदा सोडा, नाहीतर मागच्या फ्लॅटवर, म्हणजे नेपथ्याच्या उभ्या भिंतीवर, उजेडाचे गोल पडतील.

एकच अक्षर लुकलुकवायचं असेल तर

जुनाट लॉजच्या पाटीत एक अक्षर फडफडतं, हा परिणाम नाटकात पुष्कळदा मागितला जातो, आणि तो छान दिसतो. त्याची सोय डबा बांधतानाच करावी लागते. त्या अक्षराभोवती आत पांढऱ्या पट्टीची भिंत उभी करा, पाठीपासून ऍक्रिलिकला टेकेपर्यंत, आणि ओळी भिंतीपाशी कापून त्या अक्षराच्या पट्ट्यांना वेगळी वायर द्या. सनबोर्डची भिंत असेल तर तिलाही मधे काळा थर हवा. भिंतीची सावली अक्षरावर पडू नये म्हणून ती दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेमागे आणा. शिरोरेषा मात्र तिथेही जोडलेली असते, म्हणून ती त्या जागी थोडी मंदावेल. त्यापेक्षा 'ध'सारखं शिरोरेषा तुटलेलं अक्षर निवडलंत तर निदान डावीकडचा जोड आपोआप लपतो.

लुकलुकवण्यासाठी छोटा मायक्रोकंट्रोलर (हुकूम देणारी चिप) आणि मॉस्फेट (तिच्या हुकमावर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जोडता येतो, पण मला दाबायचं साधं बटण आवडतं. विंगेत बसलेला माणूस नटाचं वाक्य ऐकतो, श्वास घेतलेला ऐकतो, आणि त्या क्षणी अक्षर विझवतो. ठरावीक तालावर चालणारं यंत्र प्रत्येक प्रयोगात त्याच जागी फडफडतं, प्रयोग मात्र दरवेळी वेगळ्या गतीने जातो.

रंगमंचावर वीज

घरच्या २३० व्होल्टची वायर पाटीच्या आत कधीही जाऊ देऊ नका. अडॅप्टर विंगेत, पाटीत फक्त १२ व्होल्ट. अधिकच्या वायरीत, अडॅप्टर किंवा बॅटरीच्या अगदी जवळ, ३ अँपिअरचा फ्यूज घाला. बॅटरीवर चालवत असाल तर हा फ्यूज टाळायचाच नाही, कारण शॉर्ट झाल्यावर बॅटरी वायर लाल होईपर्यंत करंट देत राहते. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बंद बॅटरी ही पाटी सलग दोन तास आरामात उजळवते.

वायर किती लांब न्यायची तेही मोजा. विंगेपासून पाटीपर्यंत १० मीटर असेल तर करंटला जाऊन-येऊन २० मीटर कापावे लागतात. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत तेवढ्यात सुमारे ०.९ व्होल्ट गळतात आणि पाटी डोळ्यांना कळण्याइतकी मंदावते. १.५ ची वायर घेतली तर गळती निम्मी होते. दोन्ही टोकांना वायर पक्की बांधा, इकडे पाटीच्या डब्याला आणि तिकडे विंगेतल्या अडॅप्टरच्या किंवा बॅटरीच्या पेटीला, जोडावर ताण येऊ देऊ नका. गोल पिनची साधी डीसी जॅक कोणाच्या पायाने ओढली गेली की निघते, म्हणून फिरवून बसणारा किंवा खटका असलेला जोड वापरा.

अडॅप्टर रंगमंचाच्या डिमर वाहिनीत लावू नका, ही चूक खूप जण करतात. तो डिमर २३० व्होल्टची लाट चिरून उजेड कमी करतो, आणि एलईडीचा अडॅप्टर त्यावर फडफडतो, गुणगुणतो किंवा जळतो. थेट, न बदलणाऱ्या वाहिनीवर लावा. उजेड कमी-जास्त करायचा असेल तर अडॅप्टर आणि पाटी यांच्यामध्ये १२ व्होल्टचा डिमर बसवा. तो हवाच. पूर्ण उजेडावर ठेवलेली पाटी शेजारी उभ्या नटाचा चेहरा काळा करते, कारण प्रेक्षकाचा डोळा सगळ्यात उजळ जागेला सरावतो. मी बहुतेक वेळा ती निम्म्याच्या खालीच चालवतो. प्रयोगाचं चित्रीकरण होणार असेल तर कॅमेऱ्यातून आधी बघा. स्वस्त डिमर दिवे वेगाने चालू-बंद करतात, आणि कॅमेऱ्यात त्याचे काळे पट्टे सरकताना दिसतात.

या मापाची पाटी साधारण ५ किलो भरते. टांगायची असेल तर दोन जागी टांगा, आणि त्याशिवाय तिसरी, वेगळी पोलादी तार चौकटीतून घेऊन वरच्या नळीला बांधा. ही तार थोडी सैल असते, एरवी वजन पेलत नाही. मुख्य दोरी सुटली तर नटाच्या डोक्यावर पाटी येऊ देत नाही. हुक प्लायला नको, लाकडी चौकटीला हवा.

शेवटच्या रांगेत

रंगीत तालमीत सगळे दिवे ठरल्याप्रमाणे लागलेले असताना, ज्याने पाटी आधी पाहिलेली नाही अशा एखाद्याला शेवटच्या रांगेत बसवा. त्याला काही सांगू नका. पाटी लागली की त्याने शब्द मोठ्याने वाचायचा. तुम्ही, सुतार, दिग्दर्शक यांच्यापैकी कोणी उपयोगाचं नाही, कारण तुम्हाला शब्द माहीत आहे आणि डोळा तोच वाचणार.

तो क्षणभर अडखळला तर कुठल्या अक्षरावर ते विचारा. आधी डिमर खाली आणा, निम्म्या वेळा तेवढ्याने फट मोकळी होते. नाही झाली तर ३ मिलिमीटर रुंदीच्या काळ्या चिकटपट्टीचे तुकडे घेऊन फटीच्या दोन्ही कडांना अक्षराच्या बाजूने लावा. फट ६ मिलिमीटरने रुंदावते. माझ्या 'मधुबन'ला असे चार तुकडे लागले, दोन्ही फटींना दोन-दोन, आणि ते प्रत्येक प्रयोगाआधी बोटाने दाबून बघायचं काम विंगेतल्या बटणवाल्याकडे दिलं.